सोपें कोणाला?

लिहिलेला मजकूर कितव्या इयत्तेच्या मुलास वाचतां येईल हें क्षणार्धांत सांगणारीं यंत्रें हल्लीं घरोघरच्या मोबाइलवर येऊन बसलीं आहेत. चौकटींत मजकूर टाकावा, कळ दाबावी, कीं "सहावी" किंवा "पदवीधर" असा निकाल समोर उभा राहतो. मुलांचे निबंध, संस्थांचीं पत्रकें, इतकेंच काय, पण लग्नाच्या निमंत्रणाचे मसुदेही लोक या कसोटीस लावूं लागले आहेत. निकाल मात्र असे चमत्कारिक येतात कीं पुष्कळांनीं आम्हांस विचारलें, "हें यंत्र चुकतें, कीं आमचें मराठी?" या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वीं हीं यंत्रें मोजतात तरी काय हें पाहणें अवश्य आहे, कारण तराजूंत काय घातलें हें कळल्यावांचून वजनावर वाद घालणें व्यर्थ होय.

हा तराजू अमेरिकेंत तयार झाला. तेथील शाळांना पाठ्यपुस्तकांची निवड करण्यासाठीं कांहीं तरी ठोकताळा हवा होता. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानें १९२१ सालीं इंग्रजींत वारंवार येणाऱ्या दहा हजार शब्दांची यादी शिक्षकांसाठीं प्रसिद्ध केली. जो शब्द अधिक वेळां आढळतो तो वाचकाच्या अधिक परिचयाचा, असें त्यामागील तत्त्व. पुढें व्हिएन्ना सोडून अमेरिकेंत आश्रयास गेलेल्या रुडॉल्फ फ्लेश यांनीं १९४८ सालीं एक सूत्र मांडलें. त्यांत दोनच गोष्टी मोजावयाच्या: एका वाक्यांत सरासरी किती शब्द आणि एका शब्दांत सरासरी किती उच्चारखंड. उच्चारखंड म्हणजे एका स्वराच्या आधारें एका झटक्यासरशीं उच्चारला जाणारा तुकडा. 'पैसे' या शब्दांत असे दोन खंड आहेत, व 'दुकान' हा शब्द लिहितांना तीन अक्षरांचा असला तरी बोलतांना 'दु-कान' असा दोनच खंडांचा होतो.

याच दोन मोजमापांवरून १९७५ सालीं जे. पीटर किंकेड व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेच्या नौदलासाठीं थेट इयत्ता सांगणारें सूत्र बसविलें. वाक्यांतील शब्दांच्या सरासरीस ०.३९ नें गुणावें, शब्दांतील उच्चारखंडांच्या सरासरीस ११.८ नें गुणावें, दोहोंची बेरीज करून तींतून १५.५९ वजा करावे; जें उरेल ती इयत्ता. आज ज्या यंत्रांचा बोलबाला आहे त्यांपैकीं पुष्कळांच्या पोटांत हें सूत्र किंवा याचें एखादें भावंड बसलेलें असतें. मजकुराचा अर्थ काय, तो खरा कीं खोटा, सुसंगत कीं विसंगत, याच्याशीं त्या सूत्राचा कांहीं एक संबंध नाहीं. तेच शब्द उलटसुलट क्रमानें मांडून वाक्याचा चुराडा केला तरी इयत्ता तीच येते.

असें असलें तरी ही युक्ति मूर्खपणाची नव्हे. इंग्रजींत घरगुती बोलण्यांतले शब्द बहुधा आंखूड असतात, आणि लॅटिन किंवा ग्रीक भाषेंतून आलेले विद्वज्जनांचे शब्द बहुधा लांब. तेव्हां लांबी दिसली कीं काठिण्य असेल असें अनुमान तेथें पुष्कळदां खरें ठरतें. आपल्या नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर लांबी हा हेतु व काठिण्य हें साध्य. पण अनुमान खरें होण्यास व्याप्ति निर्दोष असावी लागते. जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि हें खरें असल्यामुळेंच धुरावरून अग्नि ओळखतां येतो. पहाटेच्या धुक्यालाच धूर समजून कोणी आग विझविण्यास धांवला, तर दोष धुक्याचा नव्हे. लांबी व काठिण्य यांची व्याप्ति इंग्रजींत बऱ्याच अंशीं टिकते. मराठींत ती कशी मोडते हें आतां एका उदाहरणानें पाहूं.

"आजोबांनी समोरच्या दुकानातून माझ्यासाठी पेरूसुद्धा आणले." हें वाक्य बालवाडींत जाणारें मूल सहज बोलतें, आणि तें ऐकणाऱ्या दुसऱ्या मुलास त्यांतलें कांहींही समजावून सांगावें लागत नाहीं. यांत सहा शब्द आहेत. उच्चारखंड मोजले तर 'आजोबांनी' चार, 'समोरच्या' तीन, 'दुकानातून' चार, 'माझ्यासाठी' चार, 'पेरूसुद्धा' चार व 'आणले' दोन, मिळून २१. म्हणजे शब्दागणिक साडेतीन. नौदलाचें सूत्र लावतांच उत्तर येतें २८. आजोबांनीं आणलेले पेरू समजण्यास अठ्ठावीस इयत्ता शिकावें लागेल! बोललेल्या खंडांऐवजीं लिहिलेलीं अक्षरें मोजलीं तर तीं २४ भरतात, आणि इयत्ता जवळजवळ ३४ होते. उलट, ज्या यंत्रास रोमन लिपींतले स्वरच तेवढे ओळखतां येतात, त्यानें देवनागरीचा प्रत्येक शब्द एकाच खंडाचा धरला, तर उत्तर शून्याच्याही दीडानें खालीं जातें. एकच वाक्य, एकच सूत्र. आणि वाचक एकदां चौतिसाव्या इयत्तेंत, एकदां अठ्ठाविसाव्या इयत्तेंत, तर एकदां जन्मापूर्वींच्या कोणत्या तरी वर्गांत!

याचें कारण आपल्या भाषेच्या घडणींत आहे. 'दुकानातून' यांतील 'तून', 'माझ्यासाठी' यांतील 'साठी' आणि 'पेरूसुद्धा' यांतील 'सुद्धा' यांना इंग्रजींत स्वतंत्र शब्द आहेत व ते वेगळे लिहिले जातात. आपली शेजारीण हिंदी हीसुद्धां 'से', 'के लिए', 'भी' हे शब्द बहुधा सुटे ठेवते. मराठी मात्र विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्ययें मूळ शब्दाला जोडून लिहिते. म्हणून आपला शब्द लांब होतो तो विद्वत्तेनें नव्हे, तर नात्यानें. 'आईबाबांबरोबर' हा लांब शब्द व 'ऋण' हा आंखूड शब्द यांतला पोराला कोणता कळेल हें सांगण्यास यंत्र नको.

आणखीही कांहीं मौजा आहेत. वाक्य संपलें हें यंत्र टिंबावरून ओळखतें. त्यामुळें साध्यासुध्या यंत्राला 'चि. सौ. कां.' हीं तीन वाक्यें वाटतात, व जुन्या पत्राच्या आरंभींचें 'सा. न. वि. वि.' हीं एकेका अक्षराचीं चार वाक्यें! अशीं वाक्यें अत्यंत आंखूड, म्हणून अत्यंत सोपीं. वस्तुतः या चार अक्षरांचा 'साष्टांग नमस्कार विनंति विशेष' असा उलगडा आजच्या दहा नातवंडांपैकीं किती करतील याचा आपापल्या घरीं प्रयोग करून पाहावा. उलट संस्कृत ग्रंथांत वाक्याच्या अंतीं टिंब नसून दंड असतो. ज्या यंत्राला दंड ठाऊक नाहीं, त्याच्या दृष्टीनें हितोपदेशांतली संपूर्ण कथा म्हणजे एकच अखंड वाक्य.

कांहीं सूत्रें उच्चारखंडांच्या भानगडींत न पडतां नुसतीं अक्षरचिन्हें मोजतात. अमेरिकेच्या हवाईदलासाठीं १९६७ सालीं असेंच एक सूत्र निघालें. विजेच्या टंकयंत्रावर कळा किती दाबल्या गेल्या एवढें मोजणें यंत्राला सोपें, हा त्यामागचा विचार. आतां देवनागरीचें पाहा. संगणकांत युनिकोड पद्धतीनें 'स्त्री' हें एक अक्षर स, हलन्तचिन्ह, त, पुन्हां हलन्तचिन्ह, र व दीर्घ ईकार अशा सहा चिन्हांनीं सांठविलें जातें, आणि 'सरबत' हा चार अक्षरांचा शब्द चारच चिन्हांनीं. म्हणजे यंत्राच्या लेखीं 'स्त्री' ही 'सरबता'हून दीडपट लांब! १९६२ सालीं महाराष्ट्र शासनानें साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले, तेव्हांपासून न उच्चारलेले अनुस्वार लेखनांतून गेले. या सदरासारखें एखादें लेखन अजून जुन्या वळणानें चालतें. 'तें' आणि 'ते', 'केलें' आणि 'केले' हे उच्चारांत आज बहुतेकांच्या तोंडीं एकच. परंतु चिन्हें मोजणाऱ्या यंत्राला जुन्या वळणाचा मजकूर प्रत्येक अनुस्वारागणिक अधिक जड भासतो. वाचकास मात्र त्या टिंबांचा भार कितीसा होणार?

हे चमत्कार केवळ परकी भाषा यंत्रांत घातल्यामुळेंच होतात असेंही नाहीं. इंग्रजी मजकुरालाही एक यंत्र आठवी देतें व दुसरें बारावी. याचें एक कारण असें कीं 'वाचतां येणें' या शब्दांचा अर्थ प्रत्येकानें निराळा धरला. कांहीं सूत्रें बसवितांना मुलानें प्रश्नांपैकीं निम्म्यांचीं उत्तरें बरोबर दिलीं कीं त्यास तो उतारा वाचतां आला असें मानलें. हॅरी मॅक्लॉलिन यांनीं १९६९ सालीं केलेल्या सूत्रांत मात्र सगळीच उत्तरें बरोबर येण्याची अपेक्षा धरली. एका परीक्षकाचें उत्तीर्ण होणें पन्नास गुणांवर व दुसऱ्याचें शंभरांवर असेल, तर एकाच मुलाचे दोन निकाल लागणारच. शिवाय हीं सूत्रें मूळ ज्या मुलांच्या वाचनावर ताडून पाहिलीं तीं मुलें अमेरिकेंतलीं, आणि तींही पुष्कळ वर्षांपूर्वींचीं. त्यांची सहावी ती आपल्या पांडुरंगवाडींतल्या मराठी शाळेची सहावी असें मानण्यास आधार कोणता?

हा विचार विद्वानांच्या ध्यानांत आलेला नाहीं असें मुळींच नव्हे, आणि त्याची एक खूण आमच्या गोरेगांवाच्या अगदीं शेजारीं आहे. आरे वसाहतीची झाडी ओलांडली कीं पलीकडे पवई. तेथील आय.आय.टी.मध्यें डिसेंबर २०१२ मध्यें संगणकीय भाषाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तींत खरगपूरच्या आय.आय.टी.तील अभ्यासकांनीं बंगाली व हिंदी मजकुराच्या सुलभतेवर निबंध सादर केला. इंग्रजीसाठीं बसविलेलीं सूत्रें या भाषांना जशींच्या तशीं लावतां येत नाहींत असें त्यांना आढळलें. म्हणून त्यांनीं त्या त्या भाषेच्या वाचकांकडूनच उताऱ्यांचा कठीणपणा ठरवून घेतला, आणि जोडाक्षरांची संख्या यासारखीं आपल्या लिपीला लागू पडणारीं लक्षणें हिशेबांत घेतलीं. मार्ग हाच योग्य. आधीं वाचकाला विचारावें, मग आंकडा मांडावा. आधीं आंकडा मांडून मग वाचकाला त्यांत कोंबूं नये.

परंतु मराठीसाठीं उद्यां उत्तम सूत्र झालें, जोडाक्षरें व प्रत्यय त्यानें यथायोग्य मोजले, तरीसुद्धां एक अडचण उरेलच, आणि आमच्या मतें तीच खरी अडचण होय. शब्द ओळखीचा असणें व अर्थ कळणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. पाणिनीच्या अष्टाध्यायीचें शेवटचें सूत्र पाहावें. 'अ' हें एकच अक्षर दोनदां उच्चारलें कीं सूत्र संपलें. वर्णमालेच्या पहिल्याच अक्षराहून सोपें तें काय असावयाचें? कोणतेंही यंत्र त्यास बालवाडीच्याही खालीं बसवील. आणि अर्थ काय? शास्त्राच्या सोयीसाठीं जो अकार विवृत मानला तो प्रत्यक्ष प्रयोगांत संवृत समजावा. सबंध ग्रंथ पालथा घातल्यावांचून हें कळत नाहीं, व टीकाकारावांचून तर मुळींच नाहीं. सूत्रकारांची सारी कीर्तिच शब्द वांचविण्यांत आहे. वाचकाचे श्रम वांचविण्यांत नव्हे.

हें शास्त्रांतलें झालें. घरांतलें उदाहरण याहून गंभीर आहे. "मी माझा हक्क सोडत आहे." या पांच शब्दांत न समजणारा शब्द एकही नाहीं. नौदलाच्या सूत्रानें याची इयत्ता साडेसातच्या आसपास येते. पेरूंच्या वाक्याची २८ आली होती हें वाचकांच्या ध्यानांत असेलच. आतां हें वाक्य हक्कसोडपत्रांत आहे असें समजा. माहेरीं चार दिवसांसाठीं आलेल्या बहिणीपुढें भाऊ कागद ठेवतो व म्हणतो, "ताई, इथें सही कर, नुसता उपचार आहे." ताई मराठी शाळेंत शिकलेली आहे, कागद ती घडाघडा वाचते, आणि प्रत्येक शब्द तिला कळतो. पण २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला आहे. हा कागद एकदां नोंदणी कार्यालयांत नोंदला गेला कीं तो वाटा गेला. पुढें भावाभावांत वांकडें आलें किंवा तिच्यावर पडता काळ आला तर "तें मी सहज म्हटलें होतें" असें म्हणून तो परत मागतां येत नाहीं. हें त्या पांच शब्दांत कोठें लिहिलें आहे? आपल्या खुशीनें व सर्व जाणून बहिणीनें हक्क सोडला तर त्याविषयीं कोणीं कांहीं बोलूं नये. परंतु सोप्या भाषेंत लिहिलें होतें, तिनें वाचलें होतें, तेव्हां तिला समजलेंच होतें, हा युक्तिवाद मात्र आम्हांस मान्य नाहीं.

मजकुराची सुलभता आंकड्यानें सिद्ध झाली कीं समजावून देण्याचें कर्तव्य संपलें, अशी समजूत होऊं लागली तर ती अशा ठिकाणीं घातक ठरते. अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत विम्याच्या कागदांना फ्लेश यांच्या सूत्रानें निदान ४५ गुण पडले पाहिजेत असा कायदाच आहे. हेतु स्तुत्य आहे. अवाढव्य वाक्यांच्या जंगलांत ग्राहकास हरवूं देऊं नये हें योग्यच. पण वाक्यें तोडून गुण मिळवितां येतात, आणि गुण मिळाले म्हणजे विमेदारास आपल्या मृत्यूनंतर बायकोच्या हातीं काय पडेल हें समजलें असें होत नाहीं.

वाक्यें तोडण्याचा हा रोग मुलांच्या लेखनांत शिरतो आहे, म्हणून त्याविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील नववींतल्या एका मुलीनें 'माझी आजी' या विषयावर निबंध लिहिला. त्यांत एक वाक्य होतें: "आजीला डोळ्यांनी कमी दिसू लागले आहे, तरी ती रोज सकाळी वर्तमानपत्र हाती घेऊन बसते, कारण आजोबा असताना ते दोघे याच वेळी बोलत बसत." शाळेंतून निबंध यंत्राला दाखविण्याची सूचना होती. यंत्रानें "वाक्य फार लांब, पातळी महाविद्यालयीन" असा शेरा दिला. मुलीनें मुकाट्यानें वाक्य तोडलें: "आजीला कमी दिसते. ती रोज वर्तमानपत्र घेऊन बसते. आजोबा नाहीत. ते दोघे बोलत बसत." इयत्ता खालीं आली आणि यंत्र प्रसन्न झालें.

पण दोन्ही मजकूर शेजारीं ठेवून वाचा. पहिल्यांत एक म्हातारी बाई कां बसते हें कळतें. दुसऱ्यांत चार बातम्या आहेत आणि त्यांना जोडणारा दोराच नाहीं. 'तरी' आणि 'कारण' हे दोन शब्द गेले, आणि त्यांच्याबरोबर आजीच्या मनांत डोकावण्याची वाटही गेली. 'जरी-तरी', 'कारण', 'म्हणून', 'जेव्हां-तेव्हां' हे शब्द वाक्य लांबवितात खरे, पण विचाराचे सांधे तेच असतात. सांधे काढून टाकलेला हात हलका होतो. त्यानें कांहीं उचलतां येत नाहीं. चौदा वर्षांच्या मुलीला जें सुचलें होतें तें तिनें केवळ आंकड्यासाठीं खोडलें, याचें आम्हांस वाईट वाटलें. तिला आम्हीं पहिलेंच वाक्य ठेवण्यास सांगितलें व शिक्षिकाबाईंना स्वतः वाचून पाहण्याची विनंति करण्यास सुचविलें. बाईंनीं तें वाचलें आणि तसेंच राहूं दिलें, हें येथें आनंदानें नमूद करतों.

लांबी व सुलभता यांचा विचार आपल्या पूर्वजांनीं केला नव्हता असें कोणीं समजूं नये. दण्डीनें समासांची विपुलता म्हणजे ओज असें सांगून तेंच गद्याचें जीवित मानलें. बाणभट्टाच्या कादंबरींतलीं पानेंच्या पानें व्यापणारीं वाक्यें त्याच रुचीचीं. वामनानें वैदर्भी, गौडी व पांचाली अशा रीति सांगितल्या. परंतु सुलभतेस त्यांनीं प्रसाद हें नांव दिलें, आणि मम्मटानें त्याचें लक्षण सांगतांना शब्द किंवा मात्रा मोजल्या नाहींत. वाळलेल्या सरपणांत विस्तव जसा झटकन पसरतो, किंवा स्वच्छ पाणी जसें पसरतें, तसा जो अर्थ चित्तांत तत्काळ व्यापतो, त्या गुणास त्यानें प्रसाद म्हटलें. चित्त कोणाचें? वाचकाचें. म्हणजे प्रसादाची परीक्षा कागदावर होत नसून वाचकाच्या मनांत होते. सरपण ओलें असेल तर विस्तव चांगला असूनही पेटणार नाहीं, हेंही त्या दृष्टान्तांत आलेंच.

आपल्या लिपीच्या बाबतींत तर ही सावधगिरी विशेष हवी. देवनागरी जशी लिहावी तशी बहुतांशीं वाचली जाते. बाराखडी व जोडाक्षरें पक्कीं झालेला मुलगा न समजलेलें पानही खणखणीत वाचून दाखवितो, आणि ऐकणाऱ्यास वाटतें याला सारें कळलें. अर्थ न जाणतां नुसता वेद पाठ करणाऱ्यास यास्कानें निरुक्तांत ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे, ती उगीच नव्हे.

ज्यांनीं मुलांची वाचनशक्ति खरोखर अजमावण्याचें मनावर घेतलें त्यांनीं म्हणूनच यंत्रापुढें कागद न ठेवतां मुलापुढें कागद ठेवला. १९९५ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या प्रयत्नांतून २००५ पासून 'असर' नांवाची पाहणी होऊं लागली. तींत स्वयंसेवक खेडोपाडीं घरीं जाऊन मुलाशेजारीं बसतो. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, यांपैकीं मुलास काय वाचतां येतें तें तो कानांनीं ऐकतो. २०२४ च्या पाहणींत ग्रामीण भारतांतील सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकीं अवघ्या २३.४ टक्क्यांना दुसरीचा मजकूर वाचतां आला. शंभरांतलीं शहात्तर मुलें जेथें अडखळतात, तेथें 'दुसरीचा मजकूर' कोणता हें ठरविण्याचें काम अमेरिकन नौदलाच्या गणितावर सोंपवून कसें चालेल?

तर मग यंत्र फेंकून द्यावें काय? तसेंही आम्ही म्हणत नाहीं. एखादें वाक्य साठ शब्दांपलीकडे गेलें असेल तर यंत्र तें चटकन दाखवून देतें, आणि अशा वाक्याकडे लेखकानें पुन्हां पाहावें हें हिताचेंच. शिंप्याच्या फितीनें अंगरख्याची लांबी कळते. तो अंगाला बसला कीं नाहीं हें घालूनच पाहावें लागतें. फितीला तिच्या जागीं ठेवावें, एवढाच आमचा आग्रह.

आणि घालून पाहण्याची सोय आपल्या घरांत आहे. जेथें आजी, आत्या, सुना व शाळकरी मुलें एका छपराखालीं नांदतात तेथें सर्व इयत्तांचे वाचक हजर असतात. मजकूर ज्याच्यासाठीं लिहिला त्याच्यासारख्या माणसास तो वाचावयास द्यावा, मग कागद उलटा ठेवून "काय लिहिलें आहे, आपल्या शब्दांत सांगा" असें म्हणावें. जेथें सांगणारा थांबतो तेथें लिहिणाऱ्यानें दुरुस्ती करावी. दुसरी रीत अमेरिकेंतल्याच विल्सन टेलर यांनीं १९५३ सालीं सुचविलेली आहे व ती मराठीलाही तितकीच लागू पडते. उताऱ्यांतला दर पांचवा शब्द झांकावा आणि वाचकास तो ओळखण्यास सांगावें. जितके शब्द अधिक जुळतील तितका तो मजकूर त्या वाचकाला सोपा. मुलांना हा सुटींतला खेळ म्हणून आवडतो, व त्यांतून त्यांचें व्याकरणही सुधारतें.

तिसरी रीत दस्तऐवजांसाठीं आहे, आणि ती प्रत्येक कुटुंबानें नियमाप्रमाणें पाळावी असें आम्हांस वाटतें. रुग्णालयाचें संमतिपत्र असो, कर्जाचा कागद असो कीं हक्कसोडपत्र असो, सही करणाऱ्यास आधीं तीन प्रश्न विचारावे: सही केल्यावर उद्यांपासून काय बदलेल? तें परत फिरवितां येईल काय? आणि सही न केल्यास काय होईल? या तिहींचीं उत्तरें त्याला स्वतःच्या शब्दांत देतां येईपर्यंत लेखणी त्याच्या हातीं देऊं नये. घाई करणारा कितीही जवळचा असला तरी देऊं नये. घरांत जो अधिक शिकलेला असेल त्याच्या शिक्षणाचा यापरता चांगला उपयोग नाहीं. यासाठीं अर्धा तास जाईल. पण त्या अर्ध्या तासानें एखाद्या ताईचें घर राहील, किंवा तिनें तें सोडलेंच तर निदान उघड्या डोळ्यांनीं सोडलेलें असेल.